कॉम्प्युटर हँग मारायलाय, विंडोज बदलू का? आधी एवढं बघून घ्या

लक्षणं आधी लिहितो, तुमचं कोणतं ते बघा:

- चालू केल्यावर डेस्कटॉप यायलाच पाच-सात मिनिटं, आल्यावरही माऊसपाशी गोल फिरतच राहतंय
- सकाळी पहिल्यांदा चालू केलं की तारीख भलत्याच सालाची, आणि एकही साईट उघडेना, 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असं येतंय
- क्रोमवर पिवळी पट्टी, की या विंडोजवर आता अपडेट मिळणार नाहीत
- सकाळी मशीन चांगलं, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला आपोआप बंद
- डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लावलं तरी सही होईना, नाहीतर ठशाचं मशीन 'डिव्हाइस नॉट रेडी' म्हणायलंय
- अख्ख्या स्क्रीनवर मेसेज की विंडोज १० चा सपोर्ट संपला
- अधूनमधून निळा स्क्रीन आणि रिस्टार्ट

माझ्याकडं येणारे, मग ते सेतूवाले असोत, मोंढ्यातले आडतवाले असोत नाहीतर शाळेतले सर, सगळे हे एकाच वाक्यात गुंडाळतात, "विंडोज जुनं झालंय, नवीन टाकून द्या". आता वरची यादी परत वाचा. यातली विंडोजच्या वयाशी खरंच संबंध असलेली लक्षणं दोनच, क्रोमची पट्टी आणि सपोर्ट संपल्याचा मेसेज. टोकनचं अर्धंमुर्धं. बाकी बहुतेक दुखणी डिस्कची, धुळीची, गरमीची नाहीतर एका छोट्या सेलची आहेत आणि त्यावर विंडोज ११ टाकलं तर मशीन अजून हळू होतं, कारण अकराला जास्त रॅम लागते. मशीन हळू आहे हा एक प्रश्न आणि विंडोज बदलायचं का हा वेगळा प्रश्न, दोन्हीची गल्लत झाली की पैसे जातात आणि मशीन तसंच राहतं. म्हणून फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करू.

तारीख आणि सेल

खाली उजव्या कोपऱ्यात तारीख-वेळ बघा. चुकीची असेल तर बाकी काही करू नका, आधी ती नीट करा आणि साईट परत उघडून बघा. प्रत्येक सुरक्षित साईटच्या सर्टिफिकेटला एक मुदत असते, ब्राउझर ती तुमच्या मशीनच्या तारखेशी ताडून बघतो आणि मशीनच २०१५ सालात बसलेलं असेल तर त्याला आजचं सर्टिफिकेट खोटं वाटतं. लोक इथं विंडोजला शिव्या देतात, नेटवाल्याला फोन लावतात, आणि बिचाऱ्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. हा सेल आपल्याकडं जरा लवकरच संपतो कारण रात्री दुकान बंद करताना मेन बोर्डच बंद करायची सवय, आणि मे महिन्यात वीज कडाडायला लागली की तर प्लगसुद्धा काढून ठेवतात (ते बरोबरच आहे, काढाच). पण करंट नसताना घड्याळ चालतं ते त्या सेलवर. घड्याळाच्या दुकानात मिळतो, कॅबिनेट उघडायची सवय असेल तर स्वतः बदलता येतो, प्लग काढून करा म्हणजे झालं. सेल काढला की बायोसची (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालतं ते मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) सेटिंग मूळपदावर जाऊ शकते, म्हणून आधी बायोसच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढं विंडोज सुरू होईना झालं तर त्यातच उत्तर सापडतं.

नक्की कोणतं विंडोज आहे

हसू नका, बऱ्याच जणांना माहीत नसतं. विंडोजचं बटन आणि आर एकत्र दाबा, विनव्हर (winver) इंग्रजीत टाईप करा, एंटर. जे येईल त्याचा फोटो काढा.

सात निघालं तर चर्चा करायचं कारण नाही, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, क्रोमचं १०९ हे त्यावरचं शेवटचं व्हर्जन, फायरफॉक्सची ११५ ची एक्सटेंडेड शाखा ही शेवटची. ८.१ चं पण तेच, १० जानेवारी २०२३ ला गेलं. अशा मशीनवर बँकेचं काम करू नका, एवढंच. नेट काढून फक्त बिलं छापायला, वजनकाट्याला वापरायचं असेल तर खुशाल वापरा, कोण अडवतंय.

दहा असेल तर पुढचं बघा की २२एच२ आहे का, कारण दहाचं शेवटचं व्हर्जन ते, आणि त्याच्या खालचं असेल तर आधी त्यावर यावं लागेल. अजून एक, सेटिंग्समध्ये सिस्टीम, अबाऊट मध्ये जाऊन ३२-बिट की ६४-बिट ते बघा. कुणीतरी कधीतरी जुन्या स्कॅनरसाठी ३२-बिट टाकून दिलेलं असतं. विंडोज ११ फक्त ६४-बिट येतं आणि ३२ वरून ६४ ला तसंच अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नवीन टाकावं लागतं. म्हणजे तिथं 'फाईली तशाच ठेवून अपग्रेड' हा पर्यायच नाही, हे आधी कळलेलं बरं.

डिस्क, खरा आरोपी बहुतेक वेळा हाच

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही न करता डिस्कच्या खाली १०० टक्के दिसत असेल आणि ते खाली येईना, तर बहुतेक तुमचं मशीन हार्डडिस्कवर चालतंय आणि ती एकतर दमली आहे नाहीतर मरायला लागली आहे. आधी फुकटातलं करा. सी ड्राईव्हवर २० जीबी तरी मोकळी आहे का, स्टार्टअपमध्ये काय काय चालू होतंय (टोरंट, जुन्या प्रिंटरचा स्टेटस दाखवणारा, दोन-दोन अँटिव्हायरस, सगळं बंद करा), डाउनलोडमध्ये तीन वर्षांच्या सातबाराच्या पीडीएफ पडल्यात का. दोन अँटिव्हायरस तर कधीच नको, एकमेकांच्याच फाईली तपासत बसतात.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो (CrystalDiskInfo) हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका. उघडलं की वर एक चौकोन दिसतो, निळा 'गुड' असेल तर ठीक, पिवळा 'कॉशन' असेल तर खाली यादीत ०५ आणि सी५ (05 आणि C5) या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कनं खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून लटकलेले. शेवटच्या कॉलममधला आकडा सगळा शून्य असायला पाहिजे. ०५ चा आकडा थोडा असेल आणि महिनोन्महिने तेवढाच राहिला तर एखादेवेळेस चालून जातं, पण सी५ वाढायला लागला की समजा डिस्क चालली. मग विंडोजचा विषय तिथंच थांबवा आणि आधी फाईली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. कारण अपग्रेड म्हणजे डिस्कवर तासभर सलग लिहिणं-वाचणं, जुनं विंडोज एका फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या शेजारी नवीन मांडणं, आणि आधीच लंगडणारी डिस्क त्या ओझ्याखालीच बसते. लोकांना मग वाटतं विंडोज ११ नं डिस्क खाल्ली. नाही भाऊ, ती आधीच गेलेली होती, अकरानं फक्त शेवटचा धक्का दिला.

धूळ

दुपारी बंद पडणाऱ्या मशीनचं सांगतो. हंगामात मोंढ्यातल्या एखाद्या आडतीवरचा सीपीयू उघडून बघा, प्रोसेसरच्या पंख्याखाली जे ॲल्युमिनिअमचे पातळ पाते असतात त्यांच्यामधी सोयाबीनचा भुसा आणि धूळ मिळून करडी नमद्यासारखी पट्टी बसलेली असते, पंखा फिरतोय, आवाज करतोय, पण वारं खाली पोचतच नाही. नखानं टोक धरून ओढली की पट्टीच्या पट्टी निघते. जिनिंगजवळच्या दुकानात तेच कापसाच्या तंतूचं. वर एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या दुकानात बाहेर ४२ असलं की आत किती असेल तुम्हीच सांगा. प्रोसेसर तापला की आधी आपोआप स्पीड कमी करतो, तरी तापतच राहिला तर जळू नये म्हणून मशीन बंद करतो. यात विंडोजचा काय दोष?

प्लग काढा, बाहेर अंगणात न्या, ब्लोअर मारा. मारताना पंखा काडीनं धरून ठेवा, मोकळा सोडला की हवेनं वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. चार-पाच वर्षांचं मशीन असेल तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असते, ती बदलून घ्या. आणि मागचा पॉवर सप्लायचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतो, तो स्वतः उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

एसएसडी आणि रॅम

इथून पैसे लागतात. वरचं सगळं करून पण मशीन हळू असेल आणि आत अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर एसएसडी (चिपवर चालणारी, न फिरणारी डिस्क) टाका, दुसरं काही नको. चौथ्या जनरेशनच्या (जनरेशन कसं ओळखायचं ते खाली आहे) आय-थ्री प्रोसेसरवर सुद्धा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी टाकली की फरक डोळ्याला दिसतो. जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर आतच डी ड्राईव्ह म्हणून राहू द्या. रॅम ४ असेल तर ८ करा, पण आधी डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते विचारून, कारण एकाची दुसऱ्यात बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. भाव मी लिहीत नाही, सध्या रॅम-एसएसडीचे भाव सोयाबीनसारखे झालेत, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, नांदेड-संभाजीनगरला फोन करूनच घ्या. आणि मशीन दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचं असेल तर एसएसडीच्या पुढं एक रुपया घालू नका. एसएसडी उद्या नवीन मशीनला लागेल, जुन्या बोर्डाची डीडीआर३ रॅम कुणी विचारणार नाही.

आता खरा प्रश्न, अकरा टाकायचं का

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' टाकून बघा, ते हो-नाही सांगतं. का नाही म्हणतं ते समजून घ्या. अकराला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही कागदावरची अट, खरं अडतं ते प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) वर. इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून पुढं चालतं. ओळखायचं कसं, आय५-४५७० म्हणजे चौथं, आय३-८१०० म्हणजे आठवं, आणि पुढं पाच आकडे असतील तर पहिले दोन धरायचे, आय५-१०४०० म्हणजे दहावं. एएमडीत रायझन २००० च्या आसपासपासून, पण त्यात अपवाद आहेत म्हणून हेल्थ चेकचंच ऐका.

प्रोसेसर आठवं-नववं असून 'टीपीएम नाही' असं आलं तर घाबरू नका, असेम्बल मशीनमध्ये बहुतेक वेळा ते बायोसमध्ये बंद असतं. इंटेलला पीटीटी, एएमडीला एफटीपीएम नावानं सापडतं, चालू करा, परत तपासा. पण इथं दोन खड्डे आहेत. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर बायोसमधी हात लावला की पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागतो आणि ती नसेल तर डेटा गेला, तिथं कुणाचंच काही चालत नाही. की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, आधी लॉगिन करून कागदावर उतरवून घ्या आणि मगच बायोस उघडा. दुसरं म्हणजे लेगसी मोड, म्हणजे बायोसमधली मशीन चालू करायची जुनी पद्धत, नवीन ती यूईएफआय. जुनं विंडोज लेगसीत टाकलेलं असेल आणि तुम्ही नुसतं यूईएफआय करून बाहेर आलात तर बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो. डिस्कची मांडणी आधी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते, विंडोज १० मध्ये त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे, पण कमांड लाईनची सवय नसेल तर हे काम माणसाकडून करून घ्या.

प्रोसेसर जुना असेल तर यूट्यूबवर सांगतात तसं तपासणी टाळून अकरा टाकता येतं, नाही असं नाही. घरी पोराच्या मशीनवर करा की. पण ज्या मशीनवर गावाचे पैसे काढायचे, जीएसटी भरायचा, तिथं मी टाकून देत नाही, कारण दरवर्षीचं मोठं व्हर्जन अशा मशीनला आपोआप येत नाही, आणि अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टनं स्वतः लिहून ठेवलंय. कोअर टू ड्युओवर तर अकराच्या २४एच२ व्हर्जनपासून सुरूच होत नाही, त्याला लागणारी पॉपकाऊंट ही इंस्ट्रक्शन त्या प्रोसेसरमध्ये नाहीच.

मग जुन्या मशीनवर दहा आहे त्यांनी काय करायचं? मुदत वाढवून घ्यायची. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळवायची सोय आहे, सेटिंग्समध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक येते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉईंट किंवा ३० डॉलर. एका अकाउंटवर दहा मशीनपर्यंत चालतं. दहाचे लोक इथंच थांबले तरी मला वावगं वाटत नाही, तेवढ्या काळात नवीन मशीनला पैसे बाजूला काढा.

लायसनचं थोडक्यात. दहा ओरिजिनल ॲक्टिव्हेट असेल तर अकरा फुकट आहे, त्याचे कुणी पैसे मागितले तर ते मजुरीचे समजा, विंडोजचे नाही. सातच्या जुन्या कीवर फुकट ॲक्टिव्हेट होण्याची पळवाट सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आणि ॲक्टिव्हेटर (लायसन नसताना विंडोज चालू करून देणारं सॉफ्टवेअर) मारून दिलेलं विंडोज बँकेच्या कामाला वापरू नका, तो ॲक्टिव्हेटर चालवायला अँटिव्हायरस बंद करायला लावतात यातच काय ते आलं.

यंत्रं आणि फॉन्ट, सगळ्यात जास्त परत येतात ते इथून

अपग्रेड झालं, मशीन चाललं, आणि दुसऱ्या दिवशी फोन, "अहो सर, थंब घेईना गेलंय". म्हणून आधी एका कागदावर लिहून काढा की या मशीनला काय काय जोडतो. ठशाचं मशीन आणि त्याची आरडी सर्व्हिस (ठसा आधारला पाठवणारं सॉफ्टवेअर), डीएससी टोकन, वेबकॅम, स्कॅनर, एचपी १०२० नाहीतर कॅनन २९०० असला जुना लेझर, बारकोड, टॅली, शिवाय मराठी टायपिंग. प्रत्येकाचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते कंपनीच्या साईटवर बघून आधीच पेनड्राईव्हवर उतरवून ठेवा. एकाचा जरी मिळत नसेल आणि त्यावर तुमचं पोट असेल, तर अपग्रेड नाही. साधा हिशोब.

पत्रिका-फ्लेक्सवाल्यांनी तर दहादा विचार करा. पेजमेकर, कृतिदेव, डोंगलवरची (यूएसबीला लावायच्या लायसनच्या किल्लीवरची) श्रीलिपी, पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच फॉन्टमध्ये. फॉन्ट कॉपी करून नेता येतात, डोंगलचा ड्रायव्हर मात्र अडतो. अशा ठिकाणी मी जुनं मशीन तसंच ठेवायला सांगतो, नेट काढून, फक्त डिझाईनसाठी, आणि ऑनलाईन कामाला दुसरं. नवीन टायपिंगसाठी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड बराय, युनिकोड असल्यामुळं सरकारी पोर्टलवर तोच चालतो.

सगळं जमलं तर दिवस नीट निवडा. जुलैच्या शेवटी नाही, तेव्हा पीकविमा आणि रिटर्न एकाच वेळी डोक्यावर असतात. जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत नाही. शनिवारी संध्याकाळी लावा, इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर, लॅपटॉप असेल तर बॅटरी फुल आणि चार्जर लावून, कारण अपग्रेड ६० टक्क्यावर असताना लाईट गेली तर विंडोज परत जुन्यावर यायचा प्रयत्न करतं, नेहमी जमतंच असं नाही. नेट मोबाईलचं असेल तर इन्स्टॉलर आधी पेनड्राईव्हवर करून घ्या. आवडलं नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्समधून मागं जाता येतं, त्याच्या आत डिस्क क्लीनअप मारून जुनं विंडोज उडवू नका.

इथं हात काढा, माणूस बोलवा

डिस्कमधून टिक-टिक, खर्र-खर्र आवाज येतोय आणि आत एकच कॉपी असलेला डेटा आहे: लगेच बंद करा, परत चालू करून "एकदाच बघतो" म्हणू नका, दर चालू करण्यात अजून खरवडतं. हे आमच्यासारख्या दुकानदाराचं पण काम नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडंच द्या.

जळका वास, एसएमपीएसमधून चटचट आवाज, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या: प्लग काढा. झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाल्याआधी वायरमनला बोलवून अर्थिंग बघून घ्या, आपल्याकडं निम्मी दुकानं अर्थिंगशिवायच चालतात.

बायोस अपडेट, जीपीटी, बिटलॉकरची की मागणारा स्क्रीन: अंदाजानं काही दाबू नका. टॅली दोन-चार मशीनवर नेटवर्कनं चालत असेल तर सर्व्हर मशीनला तुमच्या टॅलीवाल्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. शाळेचं, ग्रामपंचायतीचं मशीन वॉरंटीत किंवा एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) असेल तर उघडूच नका, सील तुटलं की कंपनी हात वर करते.

आणि रॅम काढून पुसून परत बसवली, एसएसडी नवीन आहे, धूळ काढली, तरी निळा स्क्रीन येतोय तर बहुतेक मदरबोर्ड किंवा सप्लाय चालला असेल, ते तपासायला सुटे पार्ट लागतात, घरी होत नाही. दाखवायला नेताना विनव्हरचा फोटो, निळ्या स्क्रीनवर खाली येणारा कोड आणि तो जोडलेल्या यंत्रांचा कागद सोबत न्या, म्हणजे समोरचा थेट "फॉरमॅट मारू का" पासून सुरू करणार नाही.